मूळ पेस्टल चित्राला घरासाठी चौकट करताना

मऊ पेस्टलचे चित्र कधी वाळत नाही, कारण त्यात वाळण्यासारखे काही नसतेच. तैलरंगातील तेल हवेत घट्ट होते आणि जलरंगातील डिंक पाणी उडून गेल्यावर रंगाला कागदाशी धरून ठेवतो. पेस्टलच्या कांडीत मात्र रंगद्रव्य, खडूची किंवा चिनीमातीची भुकटी आणि कांडी हातात मोडू नये इतपतच डिंक असतो. कागदावर ओढल्यावर ही भुकटी त्याच्या खरखरीत पोतात अडकून बसते, आणि दहा वर्षांनी जरी त्यावर बोट फिरवले तरी बोट रंगतेच. चौकटीतील काच, माउंट (चित्राभोवतीचा खिडकी कापलेला पुठ्ठा), पाठ, खिळे आणि भिंतीवरची जागा यांचा निर्णय करताना हीच एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते. तिच्या जोडीला आपल्याकडचा पावसाळा असतो.

मी हे शिकले ते एक चित्र गमावून. माझ्या पहिल्या पेस्टल चित्राला एका दुकानातून चौकट करून आणली तेव्हा काच थेट कागदावर टेकलेली होती, पाठीला हार्डबोर्ड होता आणि कागद पांढऱ्या गोंदाने त्यावर सपाट चिकटवलेला होता. त्या दिवशी ते फार सुबक दिसले. पावसाळा संपल्यावर चित्राचा खालचा उजवा कोपरा करडा दिसू लागला म्हणून चौकट उघडली, तर काचेच्या आतल्या बाजूवर आकाशाचा फिकट निळा ठसा उमटला होता आणि कागदावर बुरशीचे ठिपके होते. बुरशी पुसावी तर तिच्याबरोबर रंगही जातो, आणि कागद सोडवावा तर हार्डबोर्ड तो सोडत नाही. दुकानदाराची लबाडी यात काहीच नव्हती. फोटोला किंवा छापील चित्राला जशी चौकट करतात तशीच त्याने करून दिली होती.

पेस्टलला काच लागतेच, ही समज मात्र जुनी आहे. अठराव्या शतकात व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएरा (1673–1757) आणि फ्रान्सचे मॉरिस कँतँ द ला तूर (1704–1788) यांनी पेस्टलमधील व्यक्तिचित्रणाला प्रतिष्ठा मिळवून दिली, तेव्हा मोठी सपाट काच ही चैनीची वस्तू होती. द ला तूर यांचे 1741 च्या पॅरिसमधील सलों या चित्रप्रदर्शनात मांडलेले एका न्यायाधीशाचे पेस्टल चित्र सुमारे 2 मीटर उंच आहे आणि आज ते लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. तेवढ्या आकाराची काच त्या काळी मिळवणे हाच एक पराक्रम होता. आज काच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, म्हणून तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

पुढील सर्व मापांसाठी एक नेहमीचे उदाहरण घेतले आहे : 50 सेंमी रुंद आणि 35 सेंमी उंच असे आडवे निसर्गचित्र, दर चौरस मीटरला 160 ग्रॅम वजनाच्या रंगीत पेस्टल कागदावर, कडेपर्यंत रंगवलेले. आपल्या चित्राची मापे वेगळी असली तरी हिशेब असाच करावा.

केव्हा करावे

चौकट बंद करताना आतल्या कागदात आणि पुठ्ठ्यात जेवढा ओलावा असेल तेवढा आतच राहतो. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि 65 ते 70 टक्क्यांच्या पुढे कागदावर बुरशी धरण्याची भीती असते. म्हणून माझा साधा नियम असा आहे की, ज्या दिवसांत गच्चीवर वाळवणे घालता येतात त्याच दिवसांत पेस्टलची चौकट बंद करावी. चित्र पावसाळ्यात पूर्ण झाले तर ते बटर पेपरखाली, दोन पुठ्ठ्यांमध्ये, सपाट आणि सुलटे ठेवून दिवाळीपर्यंत थांबावे. माउंटचा पुठ्ठा आणि पाठही कोरड्या दिवसांत दोन दिवस खोलीत मोकळी ठेवून मगच वापरावी.

चित्राची तयारी

चित्र चौकटीत जाण्यापूर्वी त्यावरची सुटी भुकटी खाली पाडून टाकणे ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे. चित्र पाटीला वरच्या कडेने चिमट्यांनी लावावे, पाटी उभी धरावी, किंचित पुढे झुकवावी आणि मागच्या बाजूने बोटाच्या पेराने टिचक्या माराव्यात. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. जाड थरांच्या चित्रातून पहिल्या टिचक्यांना बरीच भुकटी पडते, ती पाहून घाबरू नये, कारण जी आता पडते ती नंतर माउंटवर पडणार होती. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा एक थेंबही कायमचा डाग देतो. काही रंगद्रव्ये, विशेषतः कॅडमियमयुक्त पिवळे आणि तांबडे, श्वासात जाण्यासारखी नसतात, त्यामुळे नाकावर मास्क ठेवावा.

फिक्सेटिव्हचा, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या द्रावाचा, फवारा मारून ही कटकट कायमची मिटवावी, असे अनेकांना वाटते. फवारा हलका मारला तर भुकटी पुरेशी धरली जात नाही, आणि पुरेसा मारला तर फिकट रंग गडद होतात आणि पेस्टलची ती मखमली झळाळी बसते. फ्रेंच चित्रकार एदगार देगा चित्र रंगवत असताना मधल्या थरांवर फिक्सेटिव्ह वापरत असत, ते पुढचा थर नीट बसावा म्हणून. शेवटच्या थरावर, चौकटीच्या भीतीपोटी, तो मारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लॅमिनेशनचे तर नावही काढू नये.

काच

अॅक्रिलिकची पाटी हलकी असते, फुटत नाही आणि दुकानदार ती आग्रहाने सुचवतो. परंतु कोरड्या फडक्याने पुसताच तिच्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि केसांवर घासलेला कंगवा जसे कागदाचे कपटे उचलतो तशी ती पाटी चित्रावरची भुकटी उचलून घेते. स्थिरभाररोधी लेप दिलेले अॅक्रिलिक मिळते, पण ते महाग असते. चित्र फारच मोठे असेल किंवा दूरगावी पाठवायचे असेल तरच त्याचा विचार करावा. एरवी साधी, स्वच्छ, बुडबुडे नसलेली 2 मिमी जाडीची काच उत्तम. आपल्या उदाहरणात काचेचे माप 63 × 49 सेंमी येते, हे पुढे कळेलच, आणि 2 मिमी काचेचे वजन दर चौरस मीटरला 5 किलो या हिशेबाने ती साधारण दीड किलो भरते. 3 मिमी काच घेतल्यास वजन 2.3 किलोपर्यंत जाते आणि चौकटीच्या जोडांवर तेवढा ताण पडतो.

‘नॉन-ग्लेअर’ म्हणून मिळणारी खरवडलेली काच पेस्टलला वापरू नये. ती चित्राला टेकलेली असते तोवर ठीक दिसते. पेस्टलसाठी मात्र तिच्यात आणि चित्रात 5–6 मिमी अंतर ठेवावे लागते, आणि तेवढ्या अंतरावरून चित्र धुक्यात असल्यासारखे दिसते. प्रतिबिंब टाळायचेच असेल तर लेप दिलेली, आरपार स्वच्छ दिसणारी काच घ्यावी. अतिनील किरण अडवणारी काच चांगली, पण ती लावली म्हणून चित्र उन्हात टांगता येते असे नाही, कारण दृश्य प्रकाशानेही रंग उडतात.

माउंट आणि लपवलेली फट

दुकानांत ज्याला माउंट म्हणतात ती खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची पाटी शोभेसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. पेस्टलच्या बाबतीत काच चित्रापासून दूर ठेवणे हे तिचे पहिले काम आहे. पण साधा माउंट जेमतेम 1.5 मिमी जाड असतो आणि तेवढे अंतर पुरत नाही. पावसाळ्यात कागद ओलावा शोषून फुगतो, मधोमध पोट काढतो आणि काचेला जाऊन भिडतो. दुसरी अडचण अशी की, सुटी भुकटी सरळ खाली घसरते आणि खिडकीच्या पांढऱ्या तिरप्या कडेवर साचून बसते. वर्षभरात तेथे निळसर-करडी रेघ उमटते आणि ती पाहून चित्र मळले असे वाटते.

या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. माउंट आणि चित्र यांच्यामध्ये पट्ट्या घालून माउंट उचलून धरायचा, आणि त्या पट्ट्या खिडकीच्या कडेपासून थोड्या मागे, माउंटच्या बाहेरील कडेच्या दिशेने, सरकवून लावायच्या, म्हणजे चित्रावरून निसटलेली भुकटी माउंटच्या मागच्या फटीत पडते आणि समोरून दिसत नाही.

माप असे ठरवावे. खिडकीने चित्राची प्रत्येक कड 5 मिमी झाकावी, म्हणजे खिडकी 49 × 34 सेंमी. माउंटची रुंदी वर आणि दोन्ही बाजूंना 7 सेंमी, खाली 8 सेंमी. खालची बाजू थोडी रुंद नसेल तर चित्र खाली घसरल्यासारखे भासते. यावरून माउंटचे बाहेरील माप 63 × 49 सेंमी येते. याच मापाचा दुसरा, खिडकी न कापलेला पुठ्ठा चित्राखाली ठेवण्यासाठी घ्यावा.

पुठ्ठा विकत घेताना ‘आम्लमुक्त आहे का’ असे विचारावे आणि उत्तरावर विसंबून न राहता कडेचा गाभा पाहावा. स्वस्त माउंटचा गाभा लाकडाच्या लगद्याचा असतो, तो काही वर्षांत पिवळट-तपकिरी होतो आणि ज्या ठिकाणी चित्राला स्पर्श करतो तेथे कागदही पिवळा करतो. कापसाच्या तंतूंपासून केलेला पुठ्ठा सर्वांत चांगला. तो मिळत नसेल तर निदान चित्राखालचा पुठ्ठा तरी तसा शोधावा, कारण चित्राची सगळी पाठ त्याच्यावर असते.

खिडकी पंचेचाळीस अंशांत कापणाऱ्या कटरने कापतात. येथे एक युक्ती आहे : काप उलटा द्यावा, म्हणजे तिरपी कड समोर न येता मागे जाते. भुकटी पडली तरी तिला टेकायला समोर कड उरत नाही. दुकानदाराला हे सांगितल्यावर तो एकदा तरी ‘ताई, उलटं होईल’ असे म्हणतोच. त्याला हसून ‘तसंच करा’ असे सांगावे.

खिडकी कापून निघालेला 49 × 34 सेंमीचा तुकडा फेकून देऊ नये. त्याच्याच 2 सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापून, तीन-तीन एकमेकींवर चिकटवल्या की 4.5 मिमी जाडीची आधारपट्टी तयार होते, आणि हिशेब केला तर चारी बाजूंना पुरून तुकडा थोडा उरतोच. ही पट्टी माउंटच्या मागे, खिडकीच्या कडेपासून 8 मिमी अंतरावर लावावी. चित्र खिडकीच्या बाहेर 5 मिमीच जाते, त्यामुळे पट्टी चित्रावर न टेकता त्याच्या कडेबाहेर 3 मिमीवर, खालच्या पुठ्ठ्यावर उभी राहते. काच आणि चित्र यांमधील अंतर आता 6 मिमी झाले. पट्टीसाठी ‘सनबोर्ड’ वापरण्याची टूम आहे. ते पीव्हीसी असते, आणि पीव्हीसीतून कालांतराने आम्ल बाहेर पडते, म्हणून बंद चौकटीत त्याला जागा देऊ नये.

गव्हाचा चीक आणि कागदाची बिजागरी

चित्र पुठ्ठ्यावर सगळीकडून चिकटवायचे नसते, ते वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचे असते, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला आणि उन्हाळ्यात आकसला तरी त्याला खालच्या आणि आजूबाजूच्या दिशेने मोकळीक राहते. टांगण्यासाठी लांब तंतूंचा पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. जगभरच्या संग्रहालयांत कागदावरील चित्रांसाठी हीच खळ चालते, कारण ती पुरेशी घट्ट धरते आणि उद्या सोडवायची झाली तर थोड्याशा ओलाव्याने सुटते. पांढरा गोंद, सेलोटेप, दुहेरी टेप यांपैकी काहीही चित्राच्या कागदाला लावू नये.

हे सत्त्व आपल्या घरांना नवे नाही, कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो तेच ते. चौकटीसाठी त्यातला वाटीभर चीक, मीठ-हिंग घालण्याआधी, बाजूला काढावा. आंबलेल्या चिकाला आंबूस वास असतो, म्हणून त्यात स्वच्छ पाणी घालून ढवळावे, बसू द्यावे, वरचे पाणी ओतून टाकावे, आणि वास जाईपर्यंत हे तीन-चार वेळा करावे. नंतर ताटात पसरून कडकडीत वाळवावे. कणीक किंवा मैदा शिजवून केलेली खळ येथे चालत नाही. तिच्यात गव्हाचा चिकट अंश राहतो, ती पिवळी पडते आणि कसर तिच्यावर तुटून पडते. बुकबाईंडिंगच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, तीही येथे टाळावी, कारण तांब्याच्या क्षारांनी कागद जळतो.

वाळलेल्या चिकाचा एक चमचा चार चमचे पाण्यात अर्धा तास भिजवावा, मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटे शिजवावा. आधी दुधासारखा, मग दह्यासारखा, आणि शेवटी अर्धपारदर्शक, चमच्याला धरून राहणारा असा तो होतो. पूर्ण निवल्यावर मलमलीतून दोनदा दाबून गाळावा आणि थोड्या पाण्याने सायीइतका पातळ करावा. फ्रिजमध्ये तो चार-पाच दिवस टिकतो, वास आला की टाकून द्यावा.

जपानी कागदाच्या साधारण 2.5 × 4 सेंमीच्या पट्ट्या कात्रीने कापू नयेत. पाण्यात बुडवलेल्या बारीक कुंचल्याने रेघ ओढून त्या रेघेवर हलकेच ताणल्या की त्या फाटतात आणि कडेला तंतूंची बारीक झालर राहते. त्या झालरीमुळे चित्राच्या दर्शनी बाजूला पट्टीचा कडक उंचवटा उमटत नाही.

आता पेस्टलचीच खास अडचण येते : पट्टी लावायची आहे चित्राच्या पाठीला, आणि चित्र तर पालथे घालता येत नाही. यासाठी चित्र सुलटेच ठेवावे. खालच्या पुठ्ठ्यावर ते मोजून नेमके जागेवर ठेवावे आणि त्याच्या वरच्या कडेखाली बटर पेपरचा तुकडा सरकवावा. पट्टीच्या खालच्या टोकाला जेमतेम 6–7 मिमी खळ लावावी, ती टिपकागदावर एकदा टेकवून जास्तीचा ओलावा काढावा, आणि खळ वरच्या अंगाला ठेवून ते टोक चित्राच्या कडेखाली सरकवावे. मग वरून टिपकागदाची अरुंद घडी ठेवून, माउंटखाली झाकल्या जाणाऱ्या त्या 5 मिमी कडेवरच वजन ठेवावे. तेथला रंग थोडा दबेल, पण तो दिसणार नाही. अर्ध्या तासाने टिपकागद बदलावा आणि पुन्हा तासभर थांबावे. अशा दोन पट्ट्या, डावीउजवीकडील कोपऱ्यांपासून चार-पाच सेंमी आत, पुरतात. चित्राच्या कडेवर मोकळी कोरी पट्टी सोडलेली असेल तर हे सगळे फार सोपे होते, म्हणून चित्र काढणाऱ्यांना माझी विनंती असते की चारी बाजूंना निदान दोन सेंमी कागद कोरा सोडावा.

पट्ट्या वाळल्यावर बटर पेपर काढून घ्यावा. पट्टीचा वर आलेला भाग खालच्या पुठ्ठ्याला खळीने चिकटवावा आणि त्याच्यावर आडवा दुसरा तुकडा लावून इंग्रजी ‘टी’सारखा आकार करावा. आडवा तुकडा चित्राच्या कडेला भिडवू नये, दोन मिमी वर ठेवावा. चित्र लाकडी किंवा वाळू लावलेल्या जड पाटीवर काढलेले असेल तर मात्र कागदाची बिजागरी त्याचे वजन पेलणार नाही, तेथे खालून आधाराची पट्टी आणि बाजूंना पुठ्ठ्याचे अडसर करावेत.

पट्टी आणि खाच

चौकटीची पट्टी निवडताना लोक रंग आणि नक्षी पाहतात. येथे आधी खाच, म्हणजे काचेपासून पाठीपर्यंतचे थर जिच्यात बसतात ती, किती खोल आहे ते मोजावे. आपला थर असा आहे : काच 2 मिमी, माउंट 1.5, आधारपट्टी 4.5, खालचा पुठ्ठा 1.5 आणि पाठ 4 मिमी, एकूण 13.5 मिमी. त्यावर बंद करण्यासाठी दोन-तीन मिमी जागा हवी, म्हणून खाच निदान 16 मिमी खोल असावी. एवढी खोल खाच स्वस्त सिंथेटिक पट्ट्यांत सहसा मिळत नाही. पट्टी आवडलीच असेल तर तिच्या मागे लाकडी रीप चिकटवून खोली वाढवून घ्यावी. मी शक्यतो सागवानाची साधी, पॉलिश केलेली पट्टी घेते, ती पावसाळ्यात कमी हलते आणि तिचे कोपरे उघडत नाहीत. खाचेचे आतील माप काचेपेक्षा दोन्ही बाजूंना मिळून 3 मिमी जास्त, म्हणजे 63.3 × 49.3 सेंमी ठेवावे.

पाठीला हार्डबोर्ड किंवा एमडीएफ नको, दोन्ही आम्लधर्मी असतात आणि ओलावा ओढतात. आत नळ्या असलेली पॉलिप्रॉपिलीनची पाटी, जिच्यावर दुकानांचे तात्पुरते फलक छापतात ती, कोरी घ्यावी. तिच्यातून भिंतीची ओल चित्रापर्यंत पोचत नाही.

जुळणी

टेबल स्वच्छ पुसून त्यावर पाठीची पाटी, तिच्यावर चित्र लावलेला पुठ्ठा, त्यावर आधारपट्ट्यांसह माउंट, आणि शेवटी काच, अशा क्रमाने खालून वर रचावे. काच स्पिरिटने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने आधीच पुसून पूर्ण सुकवावी. काच ठेवल्यावर खोलीतला दिवा मालवून मोबाईलची बॅटरी कडेने, आडव्या झोताने टाकावी. एरवी न दिसणारा केस, धाग्याचा तुकडा किंवा बोटाचा ठसा तिच्यात लख्ख दिसतो, आणि तो आत्ता दिसला तर बरे.

मग काचेपासून पाठीपर्यंत सगळ्या थरांच्या चारी कडांवर टेप फिरवून एकच बंद पुडके करावे. टेप काचेवर समोरून 4 मिमीपेक्षा जास्त येऊ देऊ नये, म्हणजे चौकटीच्या ओठाखाली तो लपतो. या टेपमुळे धूळ आणि कसर आत शिरत नाही, आणि पावसाळ्यातील दमट हवाही फार हळू आत जाते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकण्याचा सल्ला मिळतो, पण त्या काही आठवड्यांत भरून जातात आणि मग नुसत्या खडखडतात.

चौकट वरून या पुडक्यावर उतरवावी. पाठ बंद करताना चौकट पालथी न घालता एकाने ती टेबलावर उभी धरावी आणि दुसऱ्याने मागून काम करावे. बारीक खिळे हातोडीने ठोकण्याची पद्धत येथे पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण प्रत्येक ठोक्याला आत रंग गळतो. लाकडात आधी बारीक भोके पाडून ठेवावीत आणि छोट्या धातूच्या पट्ट्या स्क्रूने हाताने आवळाव्यात. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना, वरून एक तृतीयांश उंचीवर, डी आकाराच्या कड्या लावाव्यात. त्यांची भोकेही चित्र आत बसवण्यापूर्वीच पाडलेली बरी.

हे सगळे काम दुकानातून करून घ्यायचे असेल तर तोंडी सांगून येण्यापेक्षा चिठ्ठी लिहून द्यावी : काच चित्राला टेकू नये, ‘पेस्टिंग’ करू नये, चित्र पालथे घालू नये, पाठीला हार्डबोर्ड नको, खिळे ठोकू नयेत. मी माउंट, पट्ट्या आणि बिजागऱ्या घरी करून दुकानातून फक्त चौकट आणि काच आणते. खर्च कमी होतो, हा फायदा दुय्यम आहे. चित्र रिक्षात उभे किंवा काखेत धरून न्यावे लागत नाही, हा खरा फायदा. न्यावेच लागले तर ते सपाट, सुलटे, मांडीवर धरून न्यावे.

भिंत

घराच्या बाहेरच्या बाजूची, विशेषतः पश्चिमेकडून पावसाचा मारा घेणारी भिंत टाळावी. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि स्वयंपाकघरही नको. संग्रहालयांत पेस्टल चित्रे साधारण 50 लक्स एवढ्या मंद उजेडात ठेवतात. घरात एवढे कडक राहता येत नाही, पण दिवसातील कोणत्याही तासाला ऊन चित्रावर पडत नाही ना, हे निदान एकदा सुटीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहावे, आणि सूर्याची जागा ऋतूनुसार सरकते म्हणून डिसेंबरात पुन्हा पाहावे. जांभळे, गुलाबी आणि काही झगमगीत रंग सगळ्यांत आधी उडतात.

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 150 सेंमीवर येईल असे टांगावे. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात, म्हणजे भिंत आणि पाठ यांमध्ये हवा खेळते. आपल्या हवेत या दोन चकत्या महागड्या काचेइतक्याच मोलाच्या आहेत. भिंतीत ड्रिल करताना त्या भिंतीवरची सगळी पेस्टल चित्रे आधी उतरवून घ्यावीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचे फर्निचरचे काम सुरू झाले तरीही तेच करावे, पलीकडच्या ड्रिलचा धक्काही भिंतीतून येतो.

तेलकट पेस्टल हा वेगळा प्रकार आहे. त्यात मेण आणि न वाळणारे तेल असते, म्हणून त्यातून भुकटी गळत नाही, पण ते मऊच राहते आणि उष्णतेने अधिक मऊ होते. त्यासाठीही काचेपासून अंतर हवेच, लपवलेली फट मात्र नसली तरी चालते.

काच पुसताना फवारा काचेवर न मारता फडक्यावर मारावा, नाहीतर पाणी चौकटीच्या ओठातून आत झिरपते. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत चित्र उतरवून पाठीमागे ओल, कसर किंवा उघडलेला टेप दिसतो का ते पाहावे. पाठीवर कागदाचा प्रकार, चौकट बंद केल्याची तारीख आणि ‘पालथे ठेवू नये’ ही सूचना मी लिहून ठेवत आले. पण एका वर्षी रंगारी आले असताना लक्षात आले की, ती सूचना वाचायला मिळते ती चित्र पालथे पडल्यानंतरच. त्या दिवसापासून रंगकाम असले की तीच ओळ मोठ्या अक्षरांत कागदी टेपवर लिहून मी ती काचेवरच, समोरून लावते.